वेतनमर्यादेच्या चौकटीत हॉकी संघ कसा बांधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नोकरी-धंदा सांभाळून आमच्यापैकी काहीजण दर हंगामात आइस हॉकीचे कागदी संघ चालवतात. खेळाडू खरे, करार खरे आणि वेतनाची मर्यादाही एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगचीच. नव्याने येणारी मंडळी बहुधा क्रिकेटच्या लिलावाचा अनुभव घेऊन येतात आणि त्यांचे प्रश्नही साधारण तेच असतात; ते येथे एकत्र केले आहेत. शेवटचा प्रश्न आपल्या मैदानी हॉकीबद्दल आहे.

मर्यादा किती आहे आणि ती कोण ठरवते?

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातील वादात वाया गेल्यानंतर २००५-०६ पासून ही वेतनमर्यादा (‘कॅप’) लागू झाली. पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, हे तत्त्व २०१३ पासून पाळले जाते आणि मर्यादेचा आकडा त्याच उत्पन्नाशी बांधलेला असतो. खालच्या बाजूलाही मर्यादा आहे: २०२५-२६ मध्ये कोणत्याही संघाला ७ कोटी ६ लाख डॉलरच्या खाली राहता येत नाही. नवे सदस्य या खालच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करतात. परंतु बाजारातील अर्धे विचित्र सौदे तिच्यामुळेच घडतात, ते पुढे येईलच.

क्रिकेटच्या लिलावातील रकमेसारखेच हे आहे का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत आधी दूर करावा. लिलावात रक्कम ठरलेली असते, खेळाडू विकत घेतला जातो आणि काही वर्षांनी बहुतेक पाटी पुसली जाते. एनएचएलमध्ये पाटी कधीच पुसली जात नाही. आज केलेला करार सात-आठ वर्षे मानगुटीवर बसू शकतो, खेळाडू उतरणीला लागला म्हणून त्याचा बोजा कमी होत नाही, आणि करार मोडला तरी त्याची सावली हिशेबात राहते. म्हणून येथे संघबांधणी हे खरेदीपेक्षा देणी सांभाळण्याचे काम अधिक आहे.

कॅपवर नेमके काय मोजले जाते?

कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे. मिनेसोटाच्या किरिल कप्रिझोव्हने २०२५ मध्ये आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. त्याचा बोजा दरवर्षी १ कोटी ७० लाख. त्याला एखाद्या वर्षी प्रत्यक्षात कमी-जास्त पैसे मिळाले तरी मोजणीत फरक पडत नाही. एका खेळाडूला संघाच्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून अधिक देता येत नाही.

सरासरी काढण्याच्या या पद्धतीचा पूर्वी सर्रास गैरफायदा घेतला जात असे. शेवटी नाममात्र पगाराची चार-पाच वर्षे जोडली की सरासरी खाली येते. २०१० मध्ये न्यू जर्सीने इल्या कोव्हालचुकला १७ वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलरचा करार दिला तेव्हा लीगने तो फेटाळला, आणि २०१३ पासून करारांच्या लांबीवरच बंधन आले.

महागडा खेळाडू दुय्यम लीगमध्ये पाठवला की त्याचा बोजा नाहीसा होतो, ही समजूतही चुकीची आहे. २०२५-२६ मध्ये अशा खेळाडूमागे फक्त ११ लाख ५० हजार डॉलरची सूट मिळते. उरलेली रक्कम कॅपवर राहते.

संघातल्या तेवीस खेळाडूंमध्ये पैसे कसे वाटावेत?

यासाठी कागद-पेन्सिल घेऊन एकदा पूर्ण हिशेब मांडावाच. समजा, पहिल्या फळीचा सेंटर १ कोटी २० लाख, दुसरा मोठा फॉरवर्ड ९० लाख, प्रमुख बचावपटू ९५ लाख आणि गोलरक्षक ६५ लाख डॉलर. चौघांचे झाले ३ कोटी ७० लाख. उरले ५ कोटी ८५ लाख आणि एकोणीस जागा. त्यांपैकी सहा जागांवर पहिल्या करारावरचे तरुण किंवा किमान वेतनावरचे खेळाडू ठेवले (किमान वेतन २०२५-२६ मध्ये ७ लाख ७५ हजार डॉलर आहे) आणि प्रत्येकी सरासरी ९ लाख धरले, तर ५४ लाख गेले. राहिले ५ कोटी ३१ लाख आणि तेरा जागा, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४१ लाख.

संघाचे भवितव्य या तेरा जागांवर ठरते, असे माझे ठाम मत आहे. वरच्या चौघांची किंमत सर्वांनाच ठाऊक असते. तेथे फार तर पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो. मधल्या तेरांपैकी चौघांना लायकीपेक्षा दहा-दहा लाख जास्त दिले, तर ४० लाख गेले, म्हणजे जवळपास एक अख्खा खेळाडू गेला. आणि हे चारही करार वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या सबबींवर, प्रत्येक वेळी ‘दहा लाखांनी काय होते’ असे म्हणत झालेले असतात. तिसऱ्या फळीच्या तिशीतल्या फॉरवर्डला पाच-सहा वर्षांचा करार देणे हा या खेळातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा दोष आहे. मधल्या फळीला मी दोन, क्वचित तीन वर्षांपलीकडे बांधून घेत नाही, मग त्यासाठी वर्षाला थोडे जास्त मोजावे लागले तरी चालेल.

मग मोठे तारे घ्यावेत की घेऊ नयेत?

घ्यावेत, परंतु किती आणि केव्हा, हे पाहावे. टोरंटोचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. ऑस्टन मॅथ्यूज, जॉन टव्हारेस, मिच मार्नर आणि विल्यम नीलँडर या चार फॉरवर्डांवर मिळून सुमारे ४ कोटी ५ लाख डॉलरचा बोजा होता आणि मर्यादा होती ८ कोटी १५ लाख, म्हणजे निम्मी तिजोरी चौघांत संपली. या चौकडीने नियमित हंगामात गोलांचा पाऊस पाडला, पण २०२३ मध्ये प्लेऑफची एक फेरी जिंकण्यापलीकडे त्या करारांच्या काळात मजल गेली नाही. नाकापेक्षा मोती जड, असे म्हणून हा विषय संपवण्याचा मोह होतो. तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: हे करार मर्यादा वाढत राहील या हिशेबाने झाले होते, आणि करोनामुळे ती २०१९-२० पासून तीन हंगाम ८ कोटी १५ लाखांवरच गोठली. माझा आक्षेप चौघांच्या किमतीपेक्षा चौघेही फॉरवर्ड असण्यावर अधिक आहे.

याउलट कोलोरॅडोने २०१६ मध्ये नेथन मॅकिननला सात वर्षांसाठी वर्षाला ६३ लाख डॉलरवर बांधून घेतले. तेव्हा तो चांगला खेळाडू होता. करार चालू असताना तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक झाला. २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅन्ली कप (लीगचे विजेतेपद) जिंकला तेव्हाही तो ६३ लाखांतच खेळत होता. त्याचा पुढचा करार १ कोटी २६ लाखांचा, म्हणजे बरोबर दुप्पट, झाला. खेळाडू बहरण्यापूर्वी दीर्घ करार करणे आणि बहर ओसरत असताना छोटा करार करणे, एवढे जमले तरी पुष्कळ साधते. बहुतेक व्यवस्थापक नेमके उलटे करतात.

स्वस्त आणि चांगले खेळाडू येतात कोठून?

मुख्यतः ड्राफ्टमधून, म्हणजे संघ तरुण खेळाडूंवरचे हक्क फेरीफेरीने घेतात त्या वार्षिक निवडीतून. अठरा ते एकवीस वयाच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याचे मूळ वेतन सुमारे दहा लाख डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, बोनस वेगळे. अशा करारावरचा खेळाडू पहिल्या फळीत खेळू लागला की संघाच्या हाती जणू पन्नास-साठ लाख डॉलर जादा येतात. त्यानंतरही, सर्वसाधारणपणे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत किंवा लीगमधील सात हंगाम पूर्ण होईपर्यंत, खेळाडू पूर्ण मुक्त होत नाही, त्यामुळे संघाचे पारडे जड राहते.

दुसरा झरा म्हणजे इतरांनी टाकून दिलेले खेळाडू. फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन कप जिंकले तेव्हा सर्वांनी बार्कोव्ह आणि टकाचक यांची नावे घेतली, आणि ती घ्यायलाच हवीत. परंतु त्यांचा अव्वल बचावपटू गुस्ताव फोर्सलिंग हा जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाने मोकळा सोडला असता विनामोबदला उचललेला खेळाडू आहे, आणि कार्टर व्हरहेगीला त्यांनी २०२० मध्ये वर्षाला केवळ दहा लाख डॉलरवर घेतले होते. आमच्या गटात ऑक्टोबरमध्ये, म्हणजे संघ तेवीसवर आणताना सर्वांची छाटणी चालू असते तेव्हा, जो सदस्य सोडलेल्या खेळाडूंची रोजची यादी वाचतो तो मार्चमध्ये वर असतो.

दुसऱ्या संघाच्या अडचणीचा फायदा घेता येतो का?

येतो, आणि तो घ्यावा. सर्वांत धडधडीत उदाहरण व्हेगासचे. २०१७ मध्ये ५० कोटी डॉलर भरून हा नवा संघ लीगमध्ये आला आणि प्रत्येक जुन्या संघातून एक खेळाडू निवडण्याचा हक्क त्याला मिळाला. कोलंबसला डेव्हिड क्लार्कसनचा बोजड करार गळ्यातून काढायचा होता आणि काही खेळाडू वाचवायचे होते. व्हेगासने तो करार घेतला, त्याबद्दल पहिल्या फेरीची एक आणि दुसऱ्या फेरीची एक ड्राफ्ट निवड मिळवली आणि वर विल्यम कार्लसनला उचलले. कार्लसनने पहिल्याच हंगामात ४३ गोल केले, संघ अंतिम फेरीत गेला आणि २०२३ मध्ये विजेताही झाला. मोकळी कॅप ही स्वतःच एक विकाऊ वस्तू आहे, हे व्हेगासने इतरांच्या आधी ओळखले.

खालच्या मर्यादेचा उल्लेख वर केला तो यासाठी. अ‍ॅरिझोनासारखा काटकसरी संघ अनेक वर्षे खेळण्याची शक्यता नसलेल्या खेळाडूंचे करार (डॅटसूक, प्राँगर, होसा) स्वतःकडे घेत असे. त्यातून त्यांचा खालचा आकडा गाठला जाई, आणि डॅटसूकच्या वेळी तर ड्राफ्टमध्ये वरची जागाही हाती लागली. याशिवाय खेळाडू देताना त्याच्या बोज्याचा निम्म्यापर्यंत हिस्सा देणाऱ्या संघाला स्वतःकडे ठेवता येतो. असे तीनच करार एका वेळी चालतात.

१ जुलैला करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो तेव्हा काय करावे?

शक्यतो काही करू नये. तिकडे दुपारी बारा म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेनऊ. आमच्या गटात साडेदहापर्यंत निम्म्या सदस्यांची मोकळी कॅप संपलेली असते. त्या रात्री खेळाडू घेणे म्हणजे दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात झेंडू घेणे होय. बाजारात आलेला खेळाडू साधारण सत्तावीस ते एकतीस वयाचा असतो, नुकताच त्याचा सर्वोत्तम हंगाम झालेला असतो आणि त्याला त्या हंगामाची किंमत पुढच्या सहा-सात वर्षांसाठी हवी असते. ज्याच्या संघाला नेमका एकच खेळाडू कमी आहे त्याने ती किंमत जरूर मोजावी. इतरांनी ऑगस्टची वाट पाहावी. तोवर पर्याय संपलेले चांगले खेळाडू एका वर्षाच्या करारावर मिळतात. उन्हाळ्यात मर्यादेच्या दहा टक्के वर जाण्याची मुभा असते. ती सोयीसाठी आहे, उधळपट्टीसाठी नाही.

दुसऱ्या संघाचा तरुण खेळाडू पळवता येतो का?

नियमात बसते. पहिला करार संपलेल्या, पण पूर्ण मुक्त नसलेल्या खेळाडूपुढे दुसरा संघ प्रस्ताव ठेवू शकतो. मूळ संघाने ठरावीक दिवसांत तोच आकडा मान्य करावा किंवा ड्राफ्ट निवडींच्या भरपाईवर समाधान मानावे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला वर्षाला सुमारे ४५ लाख ८० हजार आणि डिलन हॉलोवेला २२ लाख ९० हजार डॉलर देऊ केले. दोन महिन्यांपूर्वीच अंतिम फेरीचा सातवा सामना खेळलेले एडमंटन मर्यादेला टेकलेले होते. त्यांनी दोघांवरही पाणी सोडले आणि हाती आल्या त्या दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या निवडी. आपले दोन तरुण खेळाडू एकाच उन्हाळ्यात करारमुक्त होणार असतील, तर त्या उन्हाळ्यात आपण कॅपला टेकलेले असता कामा नये.

चुकीचा करार झाला, तर तो विकत घेऊन मोडता येतो ना?

येतो, पण देणे संपत नाही, लांबते. सव्वीस किंवा त्याहून अधिक वयाच्या खेळाडूला उरलेल्या वेतनाचा दोन-तृतीयांश भाग उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यावा लागतो, आणि जुन्या लांब करारांत सरासरी व प्रत्यक्ष वेतन यांतला फरकही कॅपवर येऊन बसतो. मिनेसोटाने २०१२ मध्ये झॅक पॅरिसे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांसाठी ९ कोटी ८० लाख डॉलर दिले आणि २०२१ मध्ये दोघांचेही करार मोडले. त्यापायी २०२२-२३ मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख आणि पुढच्या दोन्ही हंगामांत सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर, संघात नसलेल्या दोन माणसांसाठी, कॅपवर राहिले. कप्रिझोव्हचा प्रचंड करार हा बोजा उतरला त्याच वर्षी झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जखमी खेळाडूचा बोजा वगळता येतो का? टँपाचे प्रकरण काय होते?

किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात मर्यादेच्या वर जाण्याची सवलत मिळते. पूर्वी प्लेऑफमध्ये मर्यादाच लागू नसे. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह, ज्याचा बोजा ९५ लाख डॉलर होता, शस्त्रक्रियेमुळे संपूर्ण नियमित हंगाम बाहेर राहिला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला परतला, २३ सामन्यांत ३२ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवून सर्वांच्या पुढे राहिला आणि संघाने कप जिंकला. नियमभंग काहीच झाला नव्हता, पण बोंब मोठी झाली. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्ये प्रत्यक्ष खेळणाऱ्या वीस जणांचा बोजा मर्यादेत बसवावा लागतो, त्यामुळे आमच्या गटातही ही पळवाट बंद झाली आहे. मला व्यक्तिशः हा बदल पटतो.

हंगामाच्या शेवटी मोठा खेळाडू कसा परवडतो?

कॅप दिवसागणिक मोजली जाते. पहिल्या दिवसापासून दहा लाख डॉलर मोकळे ठेवले आणि तीन-चतुर्थांश हंगाम संपला, तर उरलेल्या काळासाठी ४० लाखांचा खेळाडू बसतो. मार्चमधील खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत मुंबईच्या वेळेनुसार मध्यरात्रीनंतर दीड वाजता संपते, तेव्हा आकडेमोड संध्याकाळीच करून ठेवावी.

गोलरक्षकावर किती खर्च करावा?

बेताचा. या जागेवरील कामगिरी एका हंगामातून दुसऱ्यात इतकी हेलकावे खाते की दीर्घ करार हा जुगार ठरतो. एक कोटीचा सर्गेई बोब्रोव्हस्की फ्लोरिडाला दोन कप देऊन गेला हे खरे. पण त्याच कराराच्या पहिल्या काही वर्षांत तो कसा मोडावा याचीच चर्चा होती.

जिंकलेला संघ लगेच का मोडतो?

कारण जिंकल्यावर सर्वांचीच किंमत वाढते. शिकागोने २०१० मध्ये, १९६१ नंतर प्रथमच, कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात बफलिन, लॅड, व्हर्स्टीग असे खेळाडू सोडून दिले. सॅन होझेने बचावपटू हॅल्मारसनपुढे वर्षाला ३५ लाखांचा प्रस्ताव ठेवला. शिकागोने तो मान्य केला, आणि मग कप जिंकून देणाऱ्या निएमी या गोलरक्षकाला ठेवण्यापुरते पैसे उरले नाहीत. निएमी गेला तो थेट सॅन होझेलाच. मात्र टेव्स, केन, कीथ आणि हॅल्मारसन शिकागोत राहिले आणि २०१३ व २०१५ मध्ये कप पुन्हा आला. कोणाला सोडायचे नाही, ही छोटी यादी विजयाच्या आधीच तयार असावी.

मर्यादा वाढत आहे, तर आजचे करार स्वस्त ठरतील का?

बरेचसे ठरतील. २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख डॉलर असे आकडे लीगने आधीच सांगितले आहेत. त्यामुळे ऐन बहरातील खेळाडूचा आजचा महाग करार दोन वर्षांत रास्त दिसू शकेल. तिशी उलटलेल्यांना मात्र हा न्याय लावू नये, कारण वाढत्या मर्यादेने पायातला वेग परत येत नाही.

हे सारे आपल्या मैदानी हॉकीला लागू पडते का?

काही अंशी. मुंबईने २०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमवर मुंबई मॅजिशियन्सना पाहिले, नंतर दबंग मुंबई आली आणि २०१७ नंतर ती लीगच थांबली. २०२४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईचा संघ नव्हता, याची खंत येथील हॉकीप्रेमींना आहेच. त्या लिलावात प्रत्येक पुरुष संघाला ४ कोटी रुपये आणि २४ खेळाडूंची यादी भरायची होती, त्यांत किमान चार ज्युनिअर.

सर्वाधिक बोली हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाखांची लागली, म्हणजे तिजोरीच्या साडेएकोणीस टक्के. एनएचएलमधील वीस टक्क्यांच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ, आणि तीही तसा नियम नसताना. यादीत वर गोन्सालो पेयात (६८ लाख) आणि जुगराज सिंग (४८ लाख) हेही दिसतात, आणि तिघेही ड्रॅगफ्लिकर आहेत. पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारा माणूस एकटा सामना फिरवतो म्हणून बाजार त्याला हे मोल देतो. बंगाल टायगर्सने जुगराजला त्या तिघांत सर्वांत कमी पैशांत घेतले, आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याच्या तीन गोलांच्या बळावर हैदराबादला ४-३ असे हरवून करंडक नेला.